विश्लेषण : सीएनसी मशीनचा ‘मेंदू’ कसा ठरला? पदवी नसलेल्या जॉन पार्सन्स यांची गोष्ट

तीन-चार अक्षांचे सीएनसी मिलिंग मशीन आज घरच्या गॅरेजमध्ये बांधता येते. बॉलस्क्रू, लिनिअर रेल, स्पिंडल सगळे ऑनलाइन मिळते. गाडी अडते ती कंट्रोलरपाशी. अर्डुइनोवरचे जीआरबीएल पुरेल की चौथ्या अक्षासाठी ३२ बिटचा बोर्ड घ्यावा? साधी स्टेपर मोटर चालेल की एन्कोडरवाली हवी? हा पेच पंच्याहत्तर वर्षांहून जुना आहे. तो पहिल्यांदा ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्या जॉन पार्सन्स यांच्या हातून त्यापायी स्वतःचाच प्रकल्प निसटला.

कोण होते जॉन पार्सन्स?

जन्म ११ ऑक्टोबर १९१३, अमेरिकेतील डेट्रॉइट. वडील स्वीडनहून आलेले, मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखानदार. जॉन कॉलेजात गेले नाहीत; वडिलांच्या कारखान्यातच शिकले. दुसऱ्या महायुद्धात हेलिकॉप्टर नवीन होते. सिकोर्स्की कंपनीला त्याच्या पंख्याची पाती बनवून देणारे कोणी तरी हवे होते आणि पार्सन्स यांनी ते काम घेतले. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यात पाती तयार होऊ लागली.

पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. ड्रॉइंगवर या वक्राचे फक्त १७ बिंदू दिलेले असत. मधली रेषा ड्राफ्ट्समनने फ्रेंच कर्व्ह लावून काढायची आणि त्यावरून साचा व टेम्प्लेट बनवायचे. म्हणजे दोन बिंदूंमधला आकार हा शेवटी माणसाच्या नजरेचा अंदाज. त्यातच एक पाते निकामी झाले. दोष रचनेत सापडला आणि जोडणीची पद्धत बदलावी लागली. हवेत फिरणाऱ्या पात्यात अंदाजाला जागा किती ठेवायची, हा प्रश्न पार्सन्स यांच्या डोक्यातून गेला नाही.

२०० बिंदू आणि तीन माणसे

१९४६ मध्ये त्यांनी फ्रँक स्टुलन या इंजिनीअरला नोकरीवर घेतले. पात्यावर येणाऱ्या ताणाची गणिते सोडवण्यासाठी स्टुलन यांनी आयबीएमचे पंचकार्डवर चालणारे गणनयंत्र वापरले. ही यंत्रे तेव्हा मुख्यतः हिशेबनीसांची. ती पाहून पार्सन्स यांनी वेगळेच विचारले : याच यंत्रावर १७ ऐवजी २०० बिंदू काढता येतील का? आणि प्रत्येक बिंदू कटरच्या त्रिज्येइतका बाहेर सरकवून मिळेल का?

आजच्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये ‘टूल रेडियस कॉम्पेन्सेशन’ म्हणून जो पर्याय सहज टिक करतात, तो हाच.

आकडे मिळाले, पण मशीन हातानेच चालायचे. मग एक जण तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एक्स अक्षाचे चाक फिरवायचा, तिसरा वाय अक्षाचे. जागा जुळली की कटर खाली, एक छेद, कटर वर, पुढचा आकडा. कडेला बारीक कंगोरे राहत. ते नंतर कानस मारून काढायचे. तरीही टेम्प्लेट आधीपेक्षा कितीतरी अचूक निघू लागले. इलेक्ट्रॉनिक्स नसलेला हा दोन अक्षांचा सीएनसीच म्हणायला हरकत नाही. कंट्रोलर तेवढा तीन माणसांचा होता.

या माणसांच्या जागी मोटारी बसवायच्या आणि त्यांना पंचकार्डांवरून हुकूम द्यायचा, ही पार्सन्स यांची पुढची उडी. हवाई दलाला नव्या वेगवान विमानांचे पंख अखंड धातूतून कोरायचे होते. १९४९ मध्ये पार्सन्स यांना सुमारे २ लाख डॉलरचे कंत्राट मिळाले.

मोटर फिरली, पण टेबल किती सरकले?

इथेच घोडे अडले. चाकाला मोटर जोडून ठरावीक वीज दिली म्हणजे टेबल दर वेळी तेवढेच सरकते, असे होत नाही. घर्षण बदलते, कटरवरचा भार बदलतो, स्क्रूमध्ये ढिलाई असते. हुकूम दिला खरा, पण तो पाळला गेला की नाही हे मशीनला कळायला हवे. घरी मशीन बांधणाऱ्याला हे दुखणे ओळखीचे असते. साधी स्टेपर मोटर ‘ओपन लूप’वर चालते : कंट्रोलर पल्स पाठवतो आणि काम झाले असे गृहीत धरतो. खोल कट घेताना मोटर दोन-चार स्टेप चुकली, तर कंट्रोलरला पत्ताच नसतो आणि पुढचा सगळा जॉब तेवढाच वाकडा जातो. म्हणून मोटर मुळातच भारापेक्षा दणकट निवडतात, नाही तर एन्कोडर लावून ‘क्लोज्ड लूप’ करतात.

त्या काळी हे तंत्र जाणणारी एक नामांकित जागा म्हणजे एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा. युद्धात तिथे तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रणांवर काम झाले होते. नळी कुठे वळली याची खबर परत घेऊन चूक सुधारत राहायचे, हे तिथल्या मंडळींच्या हातात बसलेले. पार्सन्स यांनी त्यांना पोटकंत्राट दिले.

दोन वाटा

पार्सन्स यांना बिंदूंवर जाणारे आणि छेद देणारे, कारखान्याला परवडेल असे मशीन हवे होते. एमआयटीच्या संशोधकांना ते अपुरे वाटले. त्यांनी तिन्ही अक्ष एकाच वेळी सरकवून कटर रेषेवरून सलग नेणारी यंत्रणा मांडली. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबरच होते. आजचा प्रत्येक कंट्रोलर हेच करतो. पण खर्च फुगत गेला आणि पार्सन्स यांची गरज मागे पडली. पुढे एमआयटीने हवाई दलाशी थेट करार केला. ज्यांनी हे काम प्रयोगशाळेच्या दारात नेले, तेच प्रकल्पाबाहेर पडले.

सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने मशीन जगापुढे आणले. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल मिलिंग मशीन, आकड्यांसाठी छिद्रांची कागदी टेप आणि शेजारी शेकडो व्हॅक्यूम ट्यूबनी भरलेली कंट्रोलची कपाटे. आज तळहाताएवढ्या बोर्डवर मावणारे काम करायला मशीनच्या तोडीचे इलेक्ट्रॉनिक्स लागले. कारखानदारांनी या प्रकाराकडे पाठ फिरवली. अखेर शंभराहून अधिक मशीन सरकारी पैशातून विमान कंपन्यांच्या कारखान्यांत बसवावी लागली. स्वस्तातला एक मार्गही तेव्हा होता : कसबी कारागिराने एकदा हाताने जॉब करायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या आणि मशीनने त्या पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिकने तो करून पाहिला, पण हवाई दलाचा पैसा आकड्यांच्या बाजूने गेला. विमानाचे गुंतागुंतीचे आकार पाहता ते समजण्यासारखे आहे. छोट्या वर्कशॉपला मात्र त्यामुळे बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

पेटंट कोणाचे?

पार्सन्स गप्प बसले नव्हते. एमआयटीचे प्रात्यक्षिक होण्याआधीच, मे १९५२ मध्ये, त्यांनी स्टुलन यांच्यासह पेटंटचा अर्ज केला होता. एमआयटीचा अर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. तीन महिन्यांचा हा फरक मोलाचा ठरला. १४ जानेवारी १९५८ रोजी पार्सन्स-स्टुलन यांना पेटंट मिळाले, एमआयटीला त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळाने. पार्सन्स यांच्या पेटंटचे हक्क बेंडिक्स कंपनीने घेतले आणि जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम, जपानची फुजित्सू यांना तिच्याकडून परवाना घ्यावा लागला. फुजित्सूच्या याच विभागातून पुढे फानुक ही कंपनी निघाली. भोसरी, चाकणपासून कोल्हापूरपर्यंतच्या शॉपफ्लोअरवर व्हीएमसीच्या पिवळ्या कंट्रोल पॅनेलवर जे नाव दिसते, ते हेच.

मानसन्मान उशिरा आले. १९८५ मध्ये पार्सन्स आणि स्टुलन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक विभागून मिळाले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने पार्सन्स यांना इंजिनीअरिंगची मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. १८ एप्रिल २००७ रोजी ट्रॅव्हर्स सिटी येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत सुरू झालेला एक कंट्रोलर लिनक्सवर कोणालाही फुकट मिळू लागला होता. लिनक्ससीएनसी म्हणून आज गॅरेजमधल्या मशीनवर चालतो, तो त्याचाच पुढचा अवतार.