नारूचा माग काढणारे फेदचेंको

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना अलेक्सी फेदचेंको हे नाव पामीरमधील हिमनदीमुळे ठाऊक असते. मला ते नारूमुळे जवळचे वाटते.

१८४४ साली सैबेरियातील इर्कुत्स्क येथे त्यांचा जन्म झाला, शिक्षण मॉस्कोत. १८६८ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी ओल्गा यांच्यासह त्यांनी मध्य आशिया पालथा घातला. समरकंद-बुखाऱ्याकडे नारू फार. दोनअडीच फुटांचा जंत पायाच्या फोडातून डोके काढी आणि लोक तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढीत. आपल्याकडेही हाच उपाय होता. माझ्या आजीच्या घोट्यावर अजून वण आहे.

पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने जंत बाहेर येतो. मग पाण्याचा संशय येणार कसा? १८७० च्या सुमारास फेदचेंकोंनी दाखवले, की नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स या जेमतेम दिसणाऱ्या जिवाच्या अंगात शिरून वाढतात. तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो.

मित्रहो, रोगाचा सारा नकाशा यातून उलगडतो. रहाटाच्या, कठड्याच्या विहिरीवर नारू होत नसे. पायऱ्यांनी उतरायच्या बारवेवर हमखास. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, त्याच वेळी पायाची आग घेऊन रोगी पाण्यात उतरे. त्याला गारवा मिळे आणि फोडातून हजारो पिले पाण्यात सुटत. पाणी भरणे बायकांकडे. पाय सुजला तरी हंडा चुकत नसे, असे आजी सांगते. हे मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही.

सप्टेंबर १८७३ मध्ये माँ ब्लाँच्या हिमनदीवर खराब हवेत सापडून फेदचेंको गेले. वय अवघे २९. त्यांचे लेखन ओल्गाबाईंनी प्रसिद्धीस नेले.

बुखाऱ्यातला नारू १९३० च्या आसपास संपला. आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम निघाली १९८३-८४ मध्ये! तेव्हा देशात जवळजवळ ४०,००० रोगी होते. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. औषध नव्हते, लस नव्हती. पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी गाळायला शिकवले, एवढेच. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

आजीचे माहेर नाशिक जिल्ह्यातलेच, बारवेचे गाव. तिचा नारू या मधल्या वर्षांतला. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सायक्लॉप्सची गोष्ट तिला मीच सांगितली. ऐकून तिने विचारले, की मग जुन्या लुगड्याचे फडके चालले असते का. दुहेरी धरले असते तर चालले असते.