टेकड्यांवरून पृथ्वी मोजणारे लॅम्बटन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर भिवापूर ज्या अक्षांश-रेखांशावर दाखवले आहे, त्या आकड्यांचा पाया चेन्नईतल्या एका टेकडीपाशी घातला गेला. तो घालणाऱ्या माणसाची कबर मात्र भिवापूरहून फार लांब नाही. उमरेड-गिरडमार्गे पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात गेले की हिंगणघाट लागते. तिथे विल्यम लॅम्बटन यांचा शेवट झाला.

चेन्नईची ती टेकडी म्हणजे सेंट थॉमस माउंट. उंची जेमतेम तीनशे फूट. पेत्रस उस्कान या अर्मेनियन व्यापाऱ्याने १७२६ मध्ये वर जाण्यासाठी दगडी पायऱ्या बांधून दिल्या. माथ्यावरच्या चर्चला जाणारे भाविक आजही त्या चढतात. वर लॅम्बटन यांचा अर्धपुतळाही आहे.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, घर बेताच्या परिस्थितीतले. गणिताची गोडी असलेला हा सैनिक तरुणपणी अमेरिकेत होता. एका सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. नंतर ते पलटणीबरोबर भारतात आले. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, रात्रीच्या कूचमध्ये, आपली तुकडी शत्रूच्या दिशेनेच चालली आहे हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले. त्यांच्या पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली. हेच वेलस्ली पुढे १८०३ मध्ये अडगावला आणि गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढले. लॅम्बटन यांच्या मोजणीच्या प्रस्तावाला त्यांनीच पाठबळ दिले.

प्रस्ताव नुसत्या नकाशाचा नव्हता. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे त्यांना मोजून पाहायचे होते. त्यासाठी जमिनीवर एक सरळ रेषा अतिशय काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची टेकडी न्याहाळून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, आणि त्यातली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साखळी टेकडीमागून टेकडी उत्तरेकडे सरकते.

पहिली रेषा १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाटीवर मोजायला घेतली. साडेसात मैल मोजायला ५७ दिवस लागले! हत्यार होते शंभर फुटी पोलादी साखळी. पोलाद उन्हाने लांबते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, सावलीत ठेवून दर वेळी तापमान टिपावे लागे. कोन मोजण्याचा थिओडोलाइट होता अर्ध्या टनाचा. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले होते, पण यंत्र कशाचे हे कळल्यावर त्यांनी ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटून हेच यंत्र गोपुरावर आपटले. सगळ्यांनी आशा सोडली. लॅम्बटन यांनी तंबूत बसून कित्येक आठवडे त्याची वाकलेली चकती हाताने पूर्ववत केली.

मद्रासपासून मंगळूरपर्यंतचे अंतर नकाशात चारशे मैल होते. ते तीनशे साठच भरले.

पण या कामाची खरी किंमत माणसांनी मोजली. धूळ आणि धूसरपणा पावसाने धुऊन निघाला की दूरची टेकडी स्पष्ट दिसते, म्हणून मोजणी पावसाळ्यात आणि लगेच नंतर करण्याकडे कल असे. डासांचाही हंगाम तोच. लॅम्बटन यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात तापाने असे खचले, की प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना आफ्रिकेच्या टोकाला केपला जावे लागले. पथकातली माणसे दगावली. अशा तापाचे कारण जंगलातली दूषित हवा, असा त्या वेळचा समज. हिवताप आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ मध्ये. नकाशात एव्हरेस्ट राहिले, शिखरावर त्यांचे नाव आले. झेंडे घेऊन टेकड्यांवर उभे राहिलेल्या खलाशांची नावे कुठेच नाहीत.

लॅम्बटन तापातून वाचले, क्षयातून नाही. मोजणी वऱ्हाडात पोचली होती आणि ते नागपूरला मुक्काम हलवत होते. सत्तरीच्या आसपासचे वय, छातीत क्षय, आणि प्रवास बैलगाडी-पालखीचा. त्या काळी क्षयावर विश्रांती आणि हवापालट यापलीकडे उपाय नव्हता. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला, पहिले परिणामकारक औषध त्यानंतरही साठ वर्षांनी आले. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूर चार-पाच मजलांवर असताना, लॅम्बटन हिंगणघाटच्या तळावर वारले. तिथेच त्यांना पुरले. कबर दीर्घकाळ विस्मरणात गेली.

साखळी एव्हरेस्ट यांनी उत्तरेला मध्य भारतातल्या सिरोंजपर्यंत नेली. दोघांच्या मोजणीवरून १८३० मध्ये त्यांनी पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावरच भारताचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षे काढले गेले, भिवापूरचाही.