कॅमेरा कंपनी ऐकत नाही? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेराच बनवला!

वसईच्या किल्ल्यात संध्याकाळी रील शूट केलंय कधी? कमानीखाली मित्राला उभं करा. एकतर त्याचा चेहरा काळा पडतो, नाहीतर मागचं आकाश पांढरं फटक होतं. मग आपण म्हणतो, या कंपन्या फोटो काढणाऱ्यांना विचारतात तरी का?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता. तेव्हा कोल्हापूरच्या एका माणसाने त्याला स्वतःच्या हाताने उत्तर दिलं. आज त्यांचीच गोष्ट पाहूया.

पडदे रंगवणारे हात

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरातच कारागिरी होती. वडिलांना चित्रकला, सुतारकाम, मूर्तिकाम सगळंच यायचं. बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, बघून बघून शिकले. आत्येमामे-चुलत अशा मोठ्या गोतावळ्यातले त्यांचे भाऊ आनंदराव हेही तसेच हुशार. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना 'पेंटर'च म्हणू लागले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? फाळके १९१२ मध्ये त्यासाठी थेट लंडनला गेले होते आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. पेंटर बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता, आणि १९१४ पासून तर पहिलं महायुद्ध सुरू झालं. कोल्हापूरच्या दोन पडदे रंगवणाऱ्यांना काय हवंय, हे विचारायला परदेशातली कुठली कंपनी येणार होती?

प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा?

या भावांनी एक प्रोजेक्टर मिळवला आणि यंत्र आतून कसं चालतं याचा अभ्यास सुरू केला. आता यातली टेक्निकल गंमत बघा. प्रोजेक्टर आणि मूव्ही कॅमेरा यांची आतली चाल जवळपास सारखीच असते. फिल्म सरळ पळत नाही. ती एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, शटर उघडतं, बंद होतं, मग पुढची चौकट येते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून. फरक इतकाच, की प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण फिल्म दरवेळी अगदी त्याच जागी थांबली नाही तर चित्र थरथरतं. पेटीला बारीकशी फट राहिली तरी उजेड शिरून फिल्म वाया जाते.

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

त्या कॅमेऱ्याने काय केलं?

बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा पहिला मूकपट 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' हा किताब दिला. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला, आणि ती भूमिका केली व्ही. शांताराम यांनी.

पण एक गोष्ट बाबूरावांच्याही हातात नव्हती. कच्ची फिल्म परदेशातूनच यायची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग नीट दिसायचा नाही, तो काळपट उमटायचा. म्हणजे यंत्र आपलं असलं तरी कुठला रंग कसा दिसणार, हे दुसऱ्याच्या कारखान्यात ठरत होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम हे बिनीचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' सुरू केली. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज हरवले आहेत.

मग आज कंपन्या ऐकतात का?

ऐकतात, पण कोण बोलतंय ते बघून. कोडॅकची रंगीत फिल्म बरीच वर्षं गोऱ्या त्वचेला धरून जुळवलेली होती. सावळे चेहरे त्यात नीट येत नसत. सुधारणेला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रार केल्यावर! गूगलने पिक्सेल ६ मध्ये वेगवेगळ्या वर्णांसाठी 'रिअल टोन' आणलं, ते २०२१ मध्ये.

म्हणून दोन्ही करा. फोनच्या फीडबॅकमध्ये नेमकं लिहा: कुठला मोड, कुठला उजेड, काय बिघडलं. नुसतं 'कॅमेरा बेकार' लिहून कोणाला काही कळत नाही. आणि उत्तर येईपर्यंत प्रो मोड उघडा, चेहऱ्यावर टॅप करून एक्स्पोजर स्वतः ठरवा, 'ओपन कॅमेरा'सारखं मोफत ॲप वापरून बघा. बाबूरावांना त्यासाठी अख्खं यंत्र घडवावं लागलं. आपल्याला निदान सेटिंग तरी उघडता येईल ना?