विल्यम फ्रेडरिक पूल : सूचिकाराचे चरित्र आणि परीक्षणांचा शोध

एखाद्या ग्रंथाचे समकालीनांनी कसे स्वागत केले, हा वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकापुढे वारंवार उभा राहणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रामुख्याने त्या काळातील पुस्तकपरीक्षणांत सापडते. परंतु ग्रंथ आणि परीक्षण यांचे आयुष्य सारखे नसते. ग्रंथ पुनर्मुद्रित होतो, ग्रंथालयाच्या तालिकेत त्याची नोंद राहते. परीक्षण मात्र ज्या अंकात छापले गेले त्या अंकाबरोबर बासनात जाते. पुढे त्याचा शोध लागणे वा न लागणे हे बहुतांशी सूचिकाराने ते कोणत्या शीर्षकाखाली नोंदवले यावर अवलंबून राहते. त्यामुळे सूची हाती घेणाऱ्याला सूचिकाराच्या निर्णयांचा परिचय असणे अगत्याचे ठरते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियतकालिकांच्या बाबतीत हे निर्णय मुख्यतः एका व्यक्तीने घेतले. ती व्यक्ती म्हणजे अमेरिकन ग्रंथपाल विल्यम फ्रेडरिक पूल. त्यांचे चरित्र येथे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

पूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८२१ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या गावी झाला. १८४२ मध्ये त्यांनी येल महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु पैशाअभावी वर्षभरातच त्यांना शिक्षण थांबवावे लागले. मधली काही वर्षे शिक्षकाची नोकरी करून ते परतले आणि १८४९ मध्ये पदवीधर झाले. या दुसऱ्या कालखंडात ‘ब्रदर्स इन युनिटी’ या विद्यार्थिमंडळाच्या ग्रंथालयात ते काम करू लागले. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा येथेच ठरली.

त्या काळी महाविद्यालयीन मंडळांत वादसभांना मोठे महत्त्व होते. वादाचा विषय जाहीर झाला की विद्यार्थी संदर्भांसाठी ग्रंथालयात येत. ग्रंथालयात ‘एडिंबरो रिव्ह्यू’, ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’, ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ यांसारख्या नियतकालिकांचे बांधीव खंड होते. त्यांत त्या त्या विषयांवरील उत्तम मजकूर होता. पण तो कोणत्या खंडात आहे हे सांगणारे साधन नसल्याने हे खंड कपाटात पडून राहत. पूल यांच्या आधी तेथे ग्रंथपाल असलेल्या जॉन एडमंड्स यांनी वादविषयांच्या संदर्भांची एक छोटी पुस्तिका तयार केली होती. पूल यांनी ती दिशा पुढे नेली आणि नियतकालिकांचे खंड क्रमाने वाचून त्यांची विषयवार हस्तलिखित सूची तयार केली. विद्यार्थ्यांच्या सततच्या हाताळणीने ते हस्तलिखित झिजू लागले, तेव्हा छपाईचा विचार पुढे आला. १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज पटनम यांनी ही १५४ पृष्ठांची सूची प्रसिद्ध केली. सूचिकार तेव्हा स्वतः विद्यार्थीच होता.

या उगमाचा सूचीच्या स्वरूपावर कायमचा ठसा उमटला. वादसभेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला लेखकाशी कर्तव्य नसते; त्याला विषय हवा असतो. गुलामगिरी, जकात, आयर्लंड, अमुक युद्ध असे शीर्षक घेऊन तो येतो. म्हणून पूल यांची सूची विषयांची सूची झाली. ज्या लेखांवर सही होती त्यांचे लेखकही स्वतंत्र नोंदीचे धनी झाले नाहीत. विद्यार्थ्यांच्या तत्कालीन गरजेतून स्वीकारलेली ही रचना पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

सूचीची १८५३ ची दुसरी आवृत्ती पाचशेहून अधिक पृष्ठांची होती. त्या सुमारास पूल बोस्टन येथील मर्कंटाइल ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. १८५६ मध्ये ते बोस्टन अथेनियम या प्रतिष्ठित संस्थेत गेले आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिले. ग्रंथालयाच्या सेवकवर्गात स्त्रियांना प्रवेश देण्याचे पाऊल त्यांनी याच काळात उचलले. पुढे अमेरिकन ग्रंथसूचीचे प्रचंड कार्य करणारे चार्ल्स एव्हान्स यांची उमेदवारीही येथे पूल यांच्या हाताखाली झाली.

बोस्टनच्या वास्तव्याच्या अखेरीस पूल स्वतः एका गाजलेल्या परीक्षणाचे लेखक झाले. चार्ल्स अपहॅम यांचा सेलममधील चेटूक-खटल्यांवरील ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात धर्मोपदेशक कॉटन मेदर यांच्यावर ठेवलेला ठपका पूल यांना अन्यायाचा वाटला. १८६९ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये त्यांनी दीर्घ लेख लिहून अपहॅम यांच्या मांडणीचा प्रतिवाद केला, अपहॅम यांनीही त्याच वर्षी तितकेच विस्तृत उत्तर दिले. या वादाचा सूचिशास्त्राच्या दृष्टीने एक बोध आहे. पूल यांचा लेख ग्रंथपरीक्षणातून जन्मलेला असला तरी त्याचे शीर्षक विषयाचे आहे. अपहॅम यांच्या ग्रंथावरील अभिप्राय शोधणारा अभ्यासक केवळ ग्रंथकाराचे नाव घेऊन निघाला, तर हा लेख त्याच्या हातून निसटण्याचा संभव आहे. एकोणिसाव्या शतकातील परीक्षण बहुधा असेच असे: पुस्तक हे निमित्त, आणि त्या निमित्ताने स्वतंत्र निबंध.

१८६९ ते १८७३ या काळात पूल यांनी सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाची घडी बसवली. १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागोमध्ये इंग्लंडहून भेट आलेल्या ग्रंथांच्या आधारे एक सार्वजनिक ग्रंथालय उभे राहत होते. पाण्याच्या जुन्या टाकीत त्याची वाचनखोली थाटलेली होती. या ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल म्हणून पूल १८७४ च्या आरंभी रुजू झाले. सार्वजनिक ग्रंथालयाने कादंबऱ्या ठेवाव्यात की नाहीत, हा त्या काळी वादाचा विषय होता. पूल यांनी कादंबरीवाचकाची बाजू घेतली. सामान्य वाचकाला ग्रंथालयात आणण्याची ही वाट आहे, अशी त्यांची भूमिका होती.

दरम्यान १८५३ ची सूची जुनी झाली होती. नियतकालिकांची संख्या इतकी वाढली होती की एका माणसाच्या हातून नवी आवृत्ती होणे अशक्य होते. १८७६ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया येथे ग्रंथपालांची परिषद भरली आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनेची स्थापना झाली. या परिषदेत पूल यांनी सहकारी सूचीची योजना मांडली. प्रत्येक ग्रंथालयाने एक वा अधिक नियतकालिके वाटून घ्यावीत, ठरलेल्या नियमांनुसार त्यांतील लेखांच्या नोंदी कराव्यात आणि त्या मध्यवर्ती संपादकाकडे पाठवाव्यात, असे तिचे स्वरूप होते. १८७७ मध्ये लंडन येथे भरलेल्या परिषदेला पूल उपस्थित होते. ब्रिटिश ग्रंथालयांचेही सहकार्य योजनेला लाभले. विल्यम फ्लेचर हे सहसंपादक झाले. १८८२ मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत २३२ नियतकालिकांच्या ६,२०५ खंडांचा समावेश होता. ग्रंथालयाची नोकरी सांभाळून केलेले हे काम होते. पुढे पूरक खंड निघत राहिले आणि सूचीची कालमर्यादा १८०२ ते १९०६ अशी विस्तारली.

अनेक हातांनी होणाऱ्या कामाला काटेकोर नियम लागतात. या नियमांपैकी पुस्तकपरीक्षणांविषयीचा नियम आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. कथा-कादंबरी, काव्य आणि नाटक यांवरील समीक्षणे परीक्षित लेखकाच्या नावाखाली घालावयाची. उलट, ज्या ग्रंथाला निश्चित विषय आहे त्याचे परीक्षण त्या विषयाखाली घालावयाचे, असा तो नियम होय. किरकोळ पुस्तकनोंदी सूचीत घ्यावयाच्या नाहीत, हेही धोरण होते. विषयाच्या शोधात आलेल्या वाचकाच्या दृष्टीने ही व्यवस्था तर्कशुद्ध आहे. परंतु आजचा अभ्यासक उलट दिशेने येतो. त्याच्या हाती ग्रंथाचे नाव असते आणि त्याला त्या ग्रंथाचे स्वागत पाहावयाचे असते.

दोन उदाहरणांनी हा फरक स्पष्ट होईल. जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’वरील समकालीन परीक्षणे हवी असल्यास पूल यांच्या सूचीत लेखिकेच्या नावाकडे जावे. डार्विन यांच्या १८५९ च्या जातींच्या उगमाविषयीच्या ग्रंथाची परीक्षणे हवी असल्यास मात्र, नियम लक्षात घेता, लेखकाच्या नावावर न थांबता जाती, उत्क्रांती अशी विषयशीर्षकेही तपासली पाहिजेत. या दुसऱ्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. १८६० च्या एप्रिलमध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त रिचर्ड ओवेन यांनी, त्याच महिन्यात ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’त हक्स्ली यांनी आणि जुलैमध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त बिशप विल्बरफोर्स यांनी या ग्रंथावर लिहिले. तिन्ही लेख निनावी होते. ग्रंथावर कठोर टीका करणारा ओवेन हा स्वतः त्या क्षेत्रातील प्रतिस्पर्धी होता, हे ठाऊक नसेल तर त्या परीक्षणाचा अर्थच निराळा लागतो. निनावी लेखांचे कर्ते जेथे कळले तेथे पूल यांनी ते कंसात दिले. पण ही माहिती विखुरलेली आणि अपुरी राहिली. ती उणीव वॉल्टर हॉटन यांच्या संपादनाखाली १९६६ ते १९८९ या काळात पाच खंडांत निघालेल्या ‘वेलेस्ली इंडेक्स’ने प्रमुख व्हिक्टोरियन नियतकालिकांपुरती भरून काढली.

पूल यांच्या नोंदींत खंडाचा क्रमांक आणि पृष्ठ असते, वर्ष नसते. परीक्षणाच्या अभ्यासात वर्षाला केवढे महत्त्व आहे हे वेगळे सांगावयास नको: प्रकाशनानंतर तीन महिन्यांनी आलेला अभिप्राय आणि दहा वर्षांनी आलेला अभिप्राय यांची जात एक नसते. शिवाय, काही नियतकालिकांच्या नव्या मालिकांना त्यांनी सलग खंडक्रमांक दिले. ते मूळ खंडावरील क्रमांकाशी जुळत नाहीत. या गैरसोयीवर उपाय म्हणून मॅरियन बेल आणि जीन बेकन यांनी १९५७ मध्ये खंड आणि वर्षे यांची किल्ली तयार केली. १९७१ मध्ये एडवर्ड वॉल यांनी सूचीतील लेखकनामांची स्वतंत्र सूची सिद्ध केली. एका सूचीचा उपयोग करता यावा म्हणून पुढील पिढ्यांना आणखी सूची कराव्या लागल्या, ही गोष्ट पूल यांच्या उणिवांइतकीच त्यांच्या कामाच्या अपरिहार्यतेचीही साक्ष देते.

पूल यांची अखेरची कारकीर्द शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयात गेली. १८८७ मध्ये ते तेथे पहिले ग्रंथपाल झाले. विषयवार स्वतंत्र दालने असावीत, उंच भव्य सभागृहात पुस्तके रचून ठेवू नयेत, असा त्यांचा जुना आग्रह होता. न्यूबेरीच्या वास्तूच्या आखणीत त्यासाठी त्यांना वास्तुविशारदाशी झगडावे लागले. १८८५ ते १८८७ या काळात ते अमेरिकन ग्रंथालय संघटनेचे, तर त्यानंतर अमेरिकन इतिहास संघटनेचे अध्यक्ष होते. १ मार्च १८९४ रोजी एव्हॅन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०५ मध्ये, हॅल्सी विल्सन यांनी ‘बुक रिव्ह्यू डायजेस्ट’ सुरू केले. तेथे परीक्षणे परीक्षित ग्रंथाच्या नोंदीखालीच एकत्र येतात. पूल यांच्या सूचीत विषयाच्या आश्रयाने राहिलेल्या परीक्षणाला येथे प्रथमच ठाम स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणून १९०५ पूर्वीचा आणि नंतरचा शोध एकाच रीतीने करता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या चरित्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे संभवतो. पूल शिकागोत सहकारी सूचीची जुळवाजुळव करीत होते, त्याच दशकात आपल्याकडे ‘विविधज्ञानविस्तार’ आणि ‘निबंधमाला’ यांतून मराठी ग्रंथपरीक्षण आकार घेत होते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील ग्रंथांची वाट मोकळी केली, दाते, काळे आणि बर्वे यांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीने नियतकालिकांची नावनिशी दिली. ग्रंथ कोणता आणि नियतकालिक कोणते हे त्यामुळे कळते. त्या ग्रंथावर त्या नियतकालिकात काय लिहिले गेले, हे कळण्यासाठी मात्र आपल्याला पुष्कळदा प्रकाशनवर्ष निश्चित करून त्यापुढील दोनतीन वर्षांचे अंक अनुक्रमणिकेसह चाळावे लागतात. अनुक्रमणिकेत पुस्तकाचे नाव न देता केवळ अभिप्राय वा परीक्षण असे सदराचे नाव असेल, तर ती पानेही पाहावी लागतात. असे अंक चाळणारा प्रत्येक संशोधक आपल्यापुरती नोंद करतो, प्रबंध पूर्ण होतो आणि नोंदवही घरी राहते. पुढचा संशोधक तेच अंक पुन्हा पहिल्या पानापासून उघडतो.

पूल यांनी नेमकी हीच साखळी तोडली. एका विद्यार्थ्याने आपल्या सहाध्यायांसाठी केलेले टिपण त्यांनी छापले, आणि पुढे एकट्याला न झेपणारे काम अनेक ग्रंथालयांत वाटून दिले. त्यांच्या सूचीत जे सापडत नाही ते लिहिलेच गेले नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ते दुसऱ्या शीर्षकाखाली असेल, वगळलेल्या लहान नोंदींत असेल, किंवा न घेतलेल्या नियतकालिकात असेल. एखाद्या ग्रंथाची समकालीनांनी उपेक्षा केली, असे विधान आपल्या प्रबंधांतून सहज केले जाते. ते करण्यापूर्वी आपण कोणते साधन पाहिले, त्याचे नियम कोणते आणि कोणते अंक प्रत्यक्ष उघडले, हे प्रबंधातच नमूद केले पाहिजे. त्या नोंदीमुळे विधानाला आधार मिळेल आणि पुढील अभ्यासकाला शोध कोठून सुरू करावा हेही कळेल.