जगज्जेता झाला, तरी दगडावर आधी शेतकरीच : जिम क्लार्कची गोष्ट

७ एप्रिल पुण्यतिथी विशेष

आपल्या भागात बैलगाडा शर्यतीचा नाद किती आहे ते सांगायला नको. गाडा जेवढा हलका, तेवढा बैलांना पळायला सोपा, हे आपल्या गाडामालकांना कुणी शिकवावं लागत नाही. साठ वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरने हेच ओळखून शर्यतीची मोटार बनवली. आणि ती पळवून जग जिंकलं ते एका शेतकऱ्याच्या पोराने. त्याचं नाव जिम क्लार्क.

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ चा, स्कॉटलंडमधला. चार बहिणींवर झालेला हा एकुलता एक मुलगा. तो सहा वर्षांचा असताना घरचे लोक चर्नसाइड गावाजवळ एडिंग्टन मेन्स या शेतावर राहायला आले. शेती आणि मेंढरं हाच घरचा धंदा. आजोबा आणि चुलते गेले, शेताला माणूस लागला, म्हणून सोळाव्या वर्षी जिमने शाळा सोडली आणि कामाला लागला.

पण पोराला गाडीचा नाद लागला. घरच्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. एकच मुलगा, आणि त्या काळात शर्यतीत दरवर्षी माणसं मरायची. तरी १९५६ साली मित्राच्या गाडीवर तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. पुढे लोटस कंपनीचा मालक कॉलिन चॅपमन याच्या नजरेत तो भरला आणि १९६० पासून फॉर्म्युला वनमध्ये लोटसची गाडी चालवू लागला. चारही चाकं उघडी आणि बसायला एकाच माणसाची जागा, अशी ही गाडी असते.

चॅपमन शिकलेला इंजिनिअर. गाडीतलं वजन कमी करायचं हा त्याचा ध्यासच होता. तोपर्यंत शर्यतीच्या गाडीला लोखंडी पाइपांचा सांगाडा असायचा आणि वरून पत्रा. १९६२ साली त्याने लोटस २५ ही गाडी आणली आणि सांगाडाच काढून टाकला. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या दोन लांब पेट्या दोन्ही बाजूंना, मध्ये तळ आणि आडवे पडदे, सगळं रिव्हेट मारून एकजीव केलेलं. पेट्रोल त्या पेट्यांमध्येच, रबरी पिशव्यांत.

नुसता पत्रा हाताने वाकतो. पण त्याच पत्र्याचा तेलाचा डबा केला की तो सहज पिळता येत नाही. तसंच हे. कंपनीच्या आधीच्या गाडीपेक्षा हा साचा तिप्पट ताठ आणि वजनाला निम्मा होता. ड्रायव्हर त्यात जवळजवळ उताणा झोपूनच बसायचा, म्हणजे गाडी बुटकी राहते आणि वारा कमी अडतो. इंजिन दीड लिटरचं, आठ सिलिंडरचं, कोव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचं. ही कंपनी आग विझवायच्या पंपाची इंजिनंही बनवायची. ताकद मात्र १९५ एचपीच्या आसपास. आपला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांचा असतो. ही गाडी साधारण ४५० किलोची, म्हणजे एका भरल्या अंगाच्या खिल्लार बैलाएवढी.

पहिल्याच वर्षी विजेतेपद हाताशी आलं होतं. डिसेंबर १९६२ ला दक्षिण आफ्रिकेत शेवटची शर्यत होती आणि जिम सगळ्यात पुढे होता. इंजिनाचा एक छोटा बोल्ट निघाला, ऑइल गळून गेलं आणि विजेतेपद ग्रॅहम हिलकडे गेलं. एका बोल्टसाठी अख्खा हंगाम गेला. ऐन फवारणीत पंपाचा नट पडून ज्याचा दिवस वाया गेलाय, त्याला हे दुःख लगेच कळेल.

पुढच्या वर्षी, १९६३ ला, त्याच गाडीवर जिमने दहापैकी सात शर्यती जिंकल्या आणि जगज्जेता झाला. १९६५ ला पुन्हा जगज्जेता, आणि त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही मारली. एकाच वर्षात ही दोन्ही यशं त्याच्याशिवाय आजवर कुणालाच मिळालेली नाहीत.

त्याची खासियत म्हणजे तो गाडीला जपायचा. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजायचे. चांगला गाडीवान बैलाला मारत नाही, त्यातलाच प्रकार. तसा गडी लाजाळू, नखं खाणारा. शेवटी शेवटी त्याला परदेशात राहावं लागलं, शेत दुसऱ्यांच्या हाती होतं, पण जीव शेतातच होता.

१ जानेवारी १९६८ ला त्याने २५ वी ग्रांप्री जिंकली आणि फांजिओचा २४ विजयांचा विक्रम मोडला. ७ एप्रिलला जर्मनीत हॉकेनहाइमला एक पायरी खालची, फॉर्म्युला टूची शर्यत होती. ट्रॅक ओला होता. गाडी अचानक भरकटली आणि झाडांवर जाऊन आदळली. कडेला साधा कठडाही नव्हता. मागच्या टायरची हवा गेली असावी असं मानतात. वय अवघं ३२. आईबापांना ज्याची भीती होती, तेच झालं. एवढा जपून चालवणारा गेला, तेव्हा बाकीचे ड्रायव्हरही हादरले. पुढच्या काळात ट्रॅकवर कठडे आणि सुरक्षेची मागणी जोर धरत गेली.

चर्नसाइडच्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. त्यावर आधी तो एडिंग्टन मेन्सचा शेतकरी असल्याचं कोरलंय. दोन जगज्जेतेपदं त्याच्या खाली.

आपल्याकडे शेतकरी सांगायला पोरं आता लाजतात, लग्न जमत नाही म्हणतात. त्यांनी हा दगड एकदा मोबाईलवर जरूर बघावा. आणि ऊसाची ट्रॉली घेऊन रात्री रस्त्याला लागणाऱ्यांनी निघण्याआधी टायरची हवा आणि नटबोल्टही बघावेत. जगज्जेत्याचं एक विजेतेपद बोल्टपायी गेलं, आणि जीव बहुधा हवेपायी.