शेतकऱ्याचा मुलगा ते देशाचा कृषिमंत्री : डॉ. पंजाबराव देशमुख यांचे जीवनचरित्र

आपल्या चिखला गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य ईश्वरकृपेने व आपणा सर्व ग्रामस्थ आणि दानशूर बंधुभगिनींच्या सहकार्याने सिद्धीस जात आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. अशा मंगल प्रसंगीच्या स्मरणिकेत संतमहात्म्यांची चरित्रे येतात, ती यावयासच हवीत. परंतु तरुण मुलामुलींसाठी दोन शब्द लिहावेत असे जेव्हा मनात आले, तेव्हा आपल्याच विदर्भाच्या मातीत जन्मलेल्या एका कर्मयोग्याची आठवण झाली. ते म्हणजे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख.

हे नाव आपल्या मुलांच्या लेखणीखालून नेहमी जाते. दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे तहसील कचेरीत दाखल्यांसाठी गर्दी होते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला अल्पभूधारकाचा. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलामुलींसाठी शासनाची जी वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिला डॉ. पंजाबराव देशमुख यांचेच नाव दिलेले आहे. अर्जावर ते नाव मुले लिहितात, परंतु हा पुरुष कोण, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे. गावात शिक्षणाची सोय अपुरी, म्हणून लहान वयातच त्यांना घर सोडून चांदूर रेल्वे, कारंजा लाड व अमरावती असे गावोगाव शिकत जावे लागले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या मनाने विलायतेला जाऊन उच्च शिक्षण घेण्याचा ध्यास घेतला.

आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. परंतु १९२० साली वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाने विलायतेची गोष्ट काढावी, म्हणजे लोकांनी हसण्यासारखीच बाब होती. खर्च कोठून आणणार, ओळख कोणाची, भाषा परकी, हवा परकी, अन्न परके. तरीही मुलाचा निश्चय पाहून शामरावांनी आपल्या शेतीच्या आधारावर पैसा उभा केला आणि मुलाला बोटीवर बसविले. मुलाच्या हिमतीइतकीच बापाची हिंमतही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जमीन पणाला लावून मुलाला शिकविणे हे काही लहानसहान काम नव्हे.

विलायतेत पंजाबरावांनी वेळ वाया दवडला नाही. एडिंबरो विद्यापीठात त्यांनी एम.ए. केले व तेथे संस्कृतच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळविली. नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. हा प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्डहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वेदांचा अभ्यास हा शेतकऱ्याच्या मुलाचा प्रांत नव्हे, असे मानणाऱ्या काळात एका कुणब्याच्या मुलाने हे केले. त्याच सुमारास ते बॅरिस्टरही झाले आणि १९२६ साली मायदेशी परतले.

बॅरिस्टर म्हटले म्हणजे गाडी, बंगला, मानमरातब हे ओघानेच आले. भाऊसाहेबांनी मात्र अमरावतीला बिऱ्हाड केले आणि खेड्यापाड्यातून येणाऱ्या गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. आपण शिक्षणासाठी गावोगाव फिरलो ते हाल मागच्या मुलांचे होऊ नयेत, ही तळमळ त्यामागे होती. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. घरच्या गोष्टीतही त्यांचे बोलणे एक व वागणे दुसरे असे नव्हते.

आपल्या मंदिराच्या या स्मरणिकेत त्यांच्या जीवनातील एक प्रसंग तर आवर्जून सांगितलाच पाहिजे. अमरावतीची अंबादेवी हे साऱ्या वऱ्हाडाचे आराध्य दैवत. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. १९२७-२८ साली मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत चळवळ झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी अमरावतीस आले होते आणि पंजाबराव या चळवळीत पुढाकाराने उभे राहिले. वेदांवर प्रबंध लिहिणारा हा विद्वान स्वकीयांचा रोष पत्करून मंदिराचे दार उघडा म्हणत होता. देव सर्वांचा आहे, ही त्यांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेसाठी विरोध सोसण्याचे धैर्यही होते. यश हाती यावयास वेळ लागला, परंतु त्यांनी माघार घेतली नाही. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. सावकारी कर्जाने शेतकरी गांजला होता. कर्जाची तडजोड करून शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून १९३३ साली प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यामागे भाऊसाहेबांचे परिश्रम होते. १९३२ साली त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या शाळा व महाविद्यालये आज विदर्भभर पसरली आहेत. लाखो शेतकऱ्यांची मुले तेथे शिकून बाहेर पडली.

स्वातंत्र्यानंतर ते घटना समितीत होते आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषी खात्याचे मंत्री. त्या काळात देशात अन्नधान्याची टंचाई होती. भाताचे उत्पन्न वाढावे म्हणून १९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार देशभर सुरू झाला, त्यात त्यांनी विशेष लक्ष घातले. आपल्या धानाच्या मुलखाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मिठाच्या पाण्यात टाकून पोचट बी काढून टाकणे, गादीवाफ्यावर पऱ्हे टाकणे, दोरी धरून ओळीत रोवणी करणे, खताची मात्रा वेळेवर देणे, या गोष्टी आज बांधीत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्या काळी त्या नव्या होत्या. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली आणि १९५९ साली दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हेही त्यांच्याच खटाटोपाचे फळ.

१० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेबांची प्राणज्योत मालवली. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठाचे भातसंशोधनाचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात साकोलीला आहे. म्हणजे भाऊसाहेबांच्या कार्याचा दाणा आपल्या बांधीपर्यंत येऊन पोचलेला आहे.

तरुण मित्रहो, हे चरित्र आपल्यासाठी सांगितले त्याचे कारण आता उघड करतो. आपले गाव इंग्रजांच्या काळापासून मँगनीजच्या खाणीवर व धानाच्या शेतीवर जगत आले. कष्टाचे काम कधीही हलके नसते आणि खाणीत घाम गाळणाऱ्या बापाची लाज वाटू देऊ नका. परंतु आपल्यासारख्याला पुढचे शिक्षण झेपणार नाही, असे ठरवून कोणी दाखला न नेताच घरी बसत असेल, तर त्याने पापळच्या मुलाकडे पाहावे. त्याच्या वेळी ना भत्ता होता, ना एस.टी., ना जवळचे महाविद्यालय. आपणास यातील बरेच काही आहे. अर्जाची मुदत असते, तेवढी मात्र चुकवू नका. मुलींनीही मागे राहू नये आणि आईबापांनी त्यांना मागे ठेवू नये.

स्वप्न पाहणे सोपे असते. त्यासाठी घर सोडावे लागते, अपयश गिळावे लागते, लोकांचे हसणे सोसावे लागते. तेथे धैर्य लागते. आणि फळ दिसत नसतानाही नांगर चालू ठेवावयाचा, त्याला श्रद्धा म्हणतात. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

शेवटी दानशूर बंधुभगिनींना व मंदिर समितीला एक नम्र विनंती. आपण दिलेल्या पैशाने मंदिर उभे राहिले, त्याचे पुण्य मोठे आहे. या मंदिराच्या सभामंडपात सायंकाळची आरती आटोपल्यावर दोन तास दिवे चालू ठेवून मुलामुलींना अभ्यासाला बसू द्यावे. कोणाच्या घरी जागा नाही, कोणाच्या घरी शांतता नाही. अशा मुलांना देवाच्या ओसरीवर जागा मिळाली तर दिव्याचा खर्च फार होणार नाही, आणि मंदिर सर्वांचे असावे म्हणून झटलेल्या त्या थोर पुरुषाचे ते खरे स्मरण होईल. परमेश्वर आपल्या गावच्या लेकरांना विद्या व धैर्य देवो, हीच प्रार्थना.