मुरूडचे दार

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की डोळ्यांसमोर हिंगण्याचा आश्रम येतो. परंतु त्या आश्रमाची खरी पायाभरणी झाली ती कोकणात, दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी. १८५८ साली जन्मलेले अण्णा याच गावात वाढले. परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेलेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा तो हाच. पुढे शिकून ते मोठे झाले, पण गावाला विसरले नाहीत. गावाच्या हितासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला.

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. देवरुखच्या या बालविधवा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या.

नव्या पत्नीला घेऊन अण्णा मुरूडला आले. घरी वृद्ध आई होती, थोरले बंधू होते. मायेला तोटा नव्हता. पण गावाने सभा भरवून बहिष्कार पुकारला. अण्णांना घरात ठेवले तर भावावरही बहिष्कार पडणार होता. एकीकडे मुलगा आणि दुसरीकडे सारा गाव, अशा पेचात ती माउली सापडली. घरच्यांना संकटात लोटायचे नाही, म्हणून अण्णांनीच घरापासून दूर राहणे पत्करले. त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही, तशी आपल्या कृत्याबद्दल क्षमाही मागितली नाही.

घर तुटल्याचे ते दुःख त्यांनी कामाला लावले. एका विधवेचा विवाह झाल्याने बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतच होता. त्यातूनच १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि पुढे तो हिंगण्यास गेला. आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले तेथेच शिकल्या व त्याच संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले.

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते गेले. ज्या मुरूडने एकदा दार लावून घेतले, तेच गाव आज त्यांचे नाव अभिमानाने सांगते. अण्णांना स्वतःच्या घरात जागा मिळाली नाही. पण ज्यांना कोणाच्याच घरात मान नव्हता, अशा कितीतरी स्त्रियांना त्यांनी हक्काचे घर दिले. आज आपल्या वर्गात मुली निःशंकपणे शेजारी बसून शिकतात, त्यामागे हा त्याग आहे, एवढे आपण ध्यानात ठेवावे.